विश्वस्त झालात, मालक नव्हे

बसू नका, उभ्यानेच ऐका. वाचनालयाचा हिशोब विचारला तर ‘सर, आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणता? जीभ कशी रेटली? गावाने विश्वास टाकला म्हणून तर विश्वस्त झालात. मग पै-पैचा हिशोब तुम्हाला नाही तर कुणाला विचारायचा? रस्त्याने जाणाऱ्याला?

निवड झाली तेव्हा चौकात फ्लेक्स लावलेत. ‘आमचा ट्रस्ट, आमचा ट्रस्ट’ म्हणत हिंडलात. तुमचा कुठला? 1882च्या ट्रस्ट कायद्यात ट्रस्टची व्याख्याच मुळी मालमत्तेला चिकटलेलं बंधन अशी आहे. तो कायदा खासगी ट्रस्टांचा, हे मला ठाऊक आहे, मध्ये बोलू नका. आपलं वाचनालय 1950च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतं. त्यातलं कलम 36 एकाने तरी वाचलंय? धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय इमारत 3 वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. तुम्ही पुढची खोली 9 वर्षांसाठी दिलीत, तीही अध्यक्षाच्या मेहुण्याला! ठराव सर्वानुमते झाला म्हणता, मग इतिवृत्ताच्या वहीत सह्या का नाहीत?

विश्वस्त बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिलेला नाही. धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी अजून जुनीच नावं आहेत, त्यातले दोघे तर वारले.

पण माझं डोकं फिरलंय ते निराळ्याच गोष्टीने. त्या बाईंनी जन्मभर धुणीभांडी करून साठवलेले पैसे मुलांच्या पुस्तकांसाठी दिले. पावतीसुद्धा मागितली नाही. शिकलेली पोरं आहेत, लबाडी करणार नाहीत, एवढंच त्यांच्या मनात. आणि तुम्ही त्या पैशांतून कार्यालयाला एसी बसवलात! पुस्तकांचे पैसे पुस्तकांनाच लागले पाहिजेत, हे समजायला कायद्याचं कलम लागतं का? ‘नंतर भरून काढू’ म्हणे. या वर्षी चौथीत असलेलं पोर तुमच्या ‘नंतर’साठी चौथीतच थांबणार आहे का?

शनिवारी कीर्द, पावतीपुस्तकं आणि भाडेकरार घेऊन या. लेखापरीक्षकांना मी निरोप धाडलाय. एसीचे पैसे तुम्ही सातही जणांनी आपापल्या खिशातून काढायचे, वाचनालयाच्या खात्याला हात लावायचा नाही. आणि त्याआधी, आजच, त्या बाईंच्या घरी जा. काय केलंत ते त्यांच्या तोंडावर सांगा आणि पावती लिहून द्या.