घरमालकाचा प्रश्न आणि भाडेकरूचे उत्तर



मुलांना नोकरी लागल्याची बातमी आपल्याकडे चर्चपर्यंत लवकर पोहोचते. पेढे येतात, कृतज्ञतेची मिस्सा सांगितली जाते. त्यानंतर महिनाभर जी धावपळ चालते ती मात्र आमच्या कानांवर क्वचितच येते. नोकरी पुण्याला किंवा बंगळुरूला असते आणि तेथे राहायला जागा मिळत नसते. बंगळुरूत काही घरमालक दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून मागतात. केंद्र सरकारने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा सुचवली. परंतु राज्याने तसा कायदा केल्याशिवाय ती मर्यादा घरमालकावर बंधनकारक होत नाही. पैशाची ही अडचण मोठी खरी, पण कर्ज काढून, सोने गहाण ठेवून आईबाप ती निभावतात. आज आम्हांला दुसऱ्या एका अडचणीविषयी लिहायचे आहे.

आपल्या धर्मग्रामातील एका मुलीचा मध्यंतरी रात्री फोन आला. हिंजवडीला नोकरी करते. (हे तिने प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेले नाही आणि तिच्या परवानगीनेच लिहीत आहोत.) ती म्हणाली, "फादर, मी खोटं बोलले. पाप सांगायचं की नुसतं विचारायचं, तेच कळत नाही."

तिने वाकड आणि बाणेर भागात सात जागा पाहिल्या होत्या. फोनवर सगळे ठीक असे. नाव सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नॉनव्हेज खाणार?" हो म्हटले की जागा नुकतीच गेलेली असे, नाहीतर "आम्ही फक्त फॅमिलीला देतो." शेवटी एजंट कंटाळून म्हणाला, "मॅडम, सांगून टाका शाकाहारी आहे म्हणून. कोण तुमचा डबा उघडून बघतंय?" आठव्या ठिकाणी एक वयस्कर जोडपे होते. खाली ते राहणार, वरची खोली आणि छोटे स्वयंपाकघर भाड्याने. तिने सांगून टाकले. अकरा महिन्यांचा करार झाला.

डबा कोणी उघडून पाहिला नाही. पण आईने कौतुकाने बांधून दिलेले सुके बोंबील तिने ऑफिसातल्या मैत्रिणींना वाटून टाकले. घरी आली की दोन दिवस मासळी खाते आणि परतताना बॅगेला नाक लावून पाहते. कोणी मैत्रीण खोलीवर आली तर तिला आधी जिन्यात पढवून ठेवावे लागते. आणि मालकीणबाई सणासुदीला हिच्यासाठी पुरणपोळी वर घेऊन येतात, ताप आला तर भात लावून देतात. "काकू इतक्या चांगल्या आहेत ना फादर, त्याचाच त्रास होतो."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या विषयावर पेपर लिहून बऱ्यापैकी गुण मिळवले होते, ते सारे त्या रात्री कामाला आले नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७९७ साली एका निबंधात म्हटले होते, की मित्राचा खून करायला निघालेला माणूस दारात येऊन "तो आत आहे का?" असे विचारू लागला तरी खोटे बोलता येणार नाही. वर्गात आम्ही कान्टला हसलो होतो. संत थॉमस अक्वायनस अधिक समजूतदार वाटले होते. ते प्रत्येक असत्याला पाप म्हणतात, पण थट्टेने, कोणाच्या उपयोगासाठी आणि कोणाचा घात करण्यासाठी बोललेले असत्य एकाच मापाने तोलत नाहीत. कान्टच्या दारातला खुनी उत्तर घेऊन निघून जातो. हे घरमालक मात्र खालच्या मजल्यावर राहतात. तिचे वाक्य चार शब्दांचे होते, पण त्या वाक्यात तिला अकरा महिने राहायचे आहे.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न सोपा गेलेला नाही. १९९२ साली नवा श्रद्धाग्रंथ निघाला तेव्हा असत्याच्या व्याख्येत असे म्हटले होते, की ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे त्याची फसवणूक करण्यासाठी बोलणे म्हणजे खोटे बोलणे. १९९७ च्या सुधारित आवृत्तीतून "ज्याला हक्क आहे" ही अट काढून टाकण्यात आली. अट राहिली असती तर आपण प्रत्येकाने समोरच्याला हक्क नाही असे ठरवले असते आणि मोकळे झालो असतो. मात्र ज्याला जाणण्याचा हक्क नाही त्याला सत्य सांगण्याचे बंधन नाही, हे वचन त्याच ग्रंथात पुढे कायम आहे. म्हणजे गप्प राहायला मोकळीक आहे, खोटे सांगायला नाही.

हे आम्ही तिला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले. ती म्हणाली, "फादर, गप्प बसलं तर खोली मिळत नाही." यावर कोणत्याही ग्रंथात उत्तर असेल असे आम्हांला वाटत नाही. जो प्रश्न विचारतो त्याच्या हातात किल्ली असते, आणि मग गप्प राहण्याची मोकळीक केवळ कागदावर उरते. म्हणून तिच्या खोटेपणाचा विचार करता करता आम्ही घरमालकाच्या प्रश्नाशी येऊन थांबलो.

घरमालकाला प्रश्न विचारण्याचा हक्कच नाही, असे आम्ही म्हणत नाही. आयुष्यभराची पुंजी त्या भिंतींत असते. भाडे थकले, माणूस निघेना, तर कोर्टाची वर्षे कोणी मोजायची? महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. तेव्हा नाव, पत्ता, नोकरी हे विचारणे आलेच. स्वयंपाकघर एकच असेल आणि घरचे लोक मासळीचा वास सहन करू शकत नसतील, तर "आमच्या ओट्यावर शिजवू नका" ही अटही न्याय्य आहे. ती पाळायची की नाही हे भाडेकरू ठरवू शकतो, आणि एकदा शब्द दिल्यावर पाळू शकतो. पण "तुम्ही कोण?" या प्रश्नावर शब्द देता येत नाही. माणूस आपले वागणे बदलू शकतो, आपण कोठे जन्मलो ते कसे बदलणार? "काय खाता?" हा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा दिसतो आणि असतो मात्र दुसऱ्या प्रकारचा. त्या मुलीच्या घरमालकांनी "इथे शिजवू नका" एवढेच म्हटले असते, तर तिने आनंदाने कबूल केले असते आणि खोटे बोलण्याची वेळच आली नसती.

कायदा यात फारसा मदतीला येत नाही. राज्यघटनेचे १५ वे कलम धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करण्यास शासनाला मनाई करते. खाजगी मालकाने खोली कोणाला द्यावी हे त्यात सांगितलेले नाही. गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध मानला.

येथपर्यंत वाचून आपणांपैकी काहींना पुण्याच्या घरमालकांचा राग आला असेल. डिसेंबरमध्ये आपली मुले नाताळचे नाटक बसवतात तेव्हाही उतारशाळेच्या मालकाचा असाच राग येतो. कंदील हातात घेतलेला, दार लावून घेणारा तो मालक आपल्याला चांगला आठवतो. संत लूकच्या शुभवर्तमानात मात्र त्याचा उल्लेख नाही. तेथे जागा नव्हती, एवढेच लूक सांगतो. दार लावणारा माणूस आपण नंतर निर्माण केला, बहुधा कोणाला तरी दोष देता यावा म्हणून.

आता आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी इथल्या इस्पितळात नव्याने लागलेली एक नर्स खोली मिळेल का म्हणून चर्चच्या ऑफिसात आली. केरळची, नावाने मुसलमान. वाड्यांतून चाळी आणि इमारती उभ्या राहिल्यापासून आपल्याकडे भाड्याच्या खोल्या कमी नाहीत. आम्ही तीन घरी फोन केले. दोघांनी नाव विचारले आणि नंतर कळवतो म्हणाले. तिसऱ्या फोनवर आम्ही म्हणालो, "केरळची आहे, नर्स आहे, फार चांगली मुलगी आहे." यातले एकही अक्षर खोटे नव्हते. केरळची नर्स म्हटल्यावर समोरच्या बाईंच्या मनात काय येईल हे आम्हांला ठाऊक होते. मनात अट राखून वरवर खरे बोलण्याच्या युक्तीचा पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ सालीच निषेध केला आहे, हेही ठाऊक होते.

आठवड्याने करारासाठी आधारकार्ड समोर आले आणि त्या बाई आमच्याकडे आल्या. "फादर, तुम्ही सांगितलं नाही." आम्ही म्हणालो, "तुम्ही विचारलं नाही." हे उत्तर देताना आम्हांला आपण जिंकलो असे वाटले, हेही येथे कबूल केले पाहिजे. बाईंनी करार केला. पण नर्सशी बोलणे सोडले, आणि दुसऱ्या महिन्यात ती इस्पितळाच्या वसतिगृहात राहायला गेली. ड्युटी बदलली, असे तिने सांगितले. आम्ही सरळ नाव घेतले असते तर कदाचित बाई नाही म्हणाल्या असत्या. कदाचित आमच्या शब्दाखातर हो म्हणाल्या असत्या, आणि मग ते हो त्यांचे स्वतःचे झाले असते. ती संधी आम्ही त्यांना दिली नाही.

पुण्याच्या मुलीचा करार मे अखेरीस संपतो. तो नवा करण्याआधी काकूंना खरे सांगायचे तिने ठरवले आहे. ओट्यावर मासळी शिजवणार नाही हेही सांगणार आहे. काय होईल याची तिलाही खात्री नाही. नाही म्हणाल्या तर पुन्हा वाकड आणि बाणेर.

दरम्यान, आपल्या धर्मग्रामात ज्यांच्याकडे भाड्याच्या खोल्या आहेत त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दहा मिनिटे थांबावे. भाडेकरूला आपण कोणते प्रश्न विचारतो ते कागदावर लिहून काढायचे आहेत. त्या बाईंनाही आम्ही निरोप पाठवला आहे, आणि आधी त्यांची माफी मागायची आहे.