काचेच्या आतला कण



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८.

अर्जुनाने जरा आधी विचारलंय, की माणसाच्या मनात नसतानाही तो पाप का करून बसतो? जणू कुणी बळंच ओढून नेतंय. भगवंत सांगतात, हा काम, हा क्रोध. आणि मग या श्लोकात तीन दाखले देतात. अग्नी धुराने झाकलेला असतो, आरसा मळाने, आणि गर्भ वारेने. तसंच हे ज्ञान कामाने झाकलेलं असतं.

एका दाखल्यात भागलं असतं, मग तीन कशाला? जुने टीकाकार यात पायऱ्या बघतात. धूर वाऱ्याच्या एका झुळकीने जातो. आरशावरचा मळ हाताने पुसावा लागतो. गर्भाची वार मात्र फुंकून जात नाही आणि पुसूनही जात नाही, तिला दिवस भरावे लागतात. म्हणजे झाकण तीन प्रकारचं, आणि उपायही तीन.

हे मला नीट कळलं ते एका अगदी वेगळ्या गोष्टीवरून. आमच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत. हरिपाठाला नेमाने येतात. रायफलवर जी दुर्बीण बसवतात, ज्याला ते ‘स्कोप’ म्हणतात, तिच्याबद्दल एकदा बोलणं निघालं. मी विचारलं, “तिच्यात कचरा गेला तर काय करायचं, सुभेदार?”

ते म्हणाले, “माऊली, आधी कचरा कुठं आहे ते बघायचं. मग हात लावायचा.”

लोणावळ्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहेच. थंडीतून उबेत आलं की भिंगावर वाफ धरते. ती आपोआप जाते, हा झाला धूर. बाहेरच्या काचेवर धूळ बसते, ती आधी मऊ ब्रशने झाडायची आणि मग कापडाने पुसायची, नाहीतर काचेवर चरे पडतात. हा झाला आरशाचा मळ. तिसरा प्रकार आतल्या कणाचा.

यातली एक गंमत त्यांनी सांगितली. पुढच्या मोठ्या भिंगावर धूळ बसली तर ती दिसतच नाही. चित्र जरा मंद होतं, एवढंच. पण नेमाची फुली जिथे असते त्या काचेवर केसाएवढा कण पडला, तर तो ठळक आणि मोठा दिसतो. कारण नजर नेमकी तिथेच जुळवलेली असते. आणि तो दिसतो कुठे? समोरच्या लक्ष्यावर! नवख्या माणसाला वाटतं, डाग तिकडेच आहे.

मी म्हटलं, “पण स्कोप तर बंद असतो ना?” असतो. आतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात, रबरी रिंगा लावून सांधे बंद करतात. बाहेरची धूळ आत जायला वाव नाही. मग कण येतो कुठून? तो बहुतेक वेळा आतलाच असतो. आतल्या रंगाचा पापुद्रा, धातूचा बारीक कीस. बनवताना राहून गेलेला, आणि रायफलच्या धक्क्याने सुटून काचेवर येऊन बसलेला.

मंडळी, हे ऐकून मी गप्पच झालो. आपण सोवळं पाळतो, संगत जपतो, नको ते ऐकत नाही. म्हणजे सांधे बंद करतो. ते बरोबरच आहे. पण आतलं जे आहे ते आपल्याच रागाच्या धक्क्याने सुटतं, आणि नेमकं तिथे बसतं जिथून आपण दुसऱ्याला जोखतो.

हे आज लिहायला कारण आहे. आमच्या भजनी मंडळाच्या हिशोबात काही रक्कम जुळत नाही. वही ज्यांच्याकडे असते, त्यांचा आणि माझा बांधावरून जुना वाद आहे. येत्या बैठकीत मला बोलायचं आहे. आता मला त्यांच्यावर जो डाग दिसतोय, तो त्यांचा की माझ्या काचेचा?

काही जण म्हणतील, आधी मन शुद्ध करा, मग बोला. ऐकायला छान आहे. पण मन शुद्ध होईपर्यंत मंडळाचे पैसे वाऱ्यावर सोडायचे का? लोकांनी दहा-वीस रुपयांनी जमवलेले पैसे आहेत. गप्प राहणं हेही एक कर्मच झालं, आणि त्याचंही फळ आहेच.

इथे माऊलींचा आधार वाटतो. याच श्लोकावर ज्ञानेश्वरीत ते म्हणतात, की या विकारांवाचून एकटं ज्ञान आम्ही कधी पाहिलंच नाही, बी जसं कोंड्यासकट निपजतं तसं ते असतं. मावळातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जुना आंबेमोहर घ्या, नाहीतर वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेली इंद्रायणी घ्या. दाणा तुसासकटच भरतो. तूस आहे म्हणून कुणी पीक टाकून देत नाही.

सुभेदारांनाही मी विचारलं होतं, की कण दिसला की स्कोप उघडायचा का? ते म्हणाले, “मुळीच नाही. उघडला की आतला नायट्रोजन गेला, आणि एक कण काढताना दहा आत. एखादा कण असला म्हणून गोळी वाकडी जात नाही. तो कुठं आहे ते लक्षात ठेवून नेम धरायचा. कण वाढतच चालले तर मात्र आत काहीतरी सुटतंय, मग कारागिराकडेच पाठवायचा.”

“आणि तो कण आतला की तिकडचा, हे कळायचं कसं?”

“नळी दुसरीकडं फिरवा. डाग बरोबर आला तर तो तुमचा.”

तेच करायचं ठरवलंय. हीच तफावत माझ्या जिवाभावाच्या माणसाच्या वहीत निघाली असती तर मी काय म्हटलं असतं? तेवढंच बैठकीत म्हणायचं, आकडा आणि तारीख. ‘मला वाटतं’ हा शब्द काढायचा नाही. आणि वही आधी अशा दोघांना वाचायला द्यायची, ज्यांचा बांध कुणाच्याच बांधाला लागून नाही. बांधाचा राग काही आठवड्याभरात जाणार नाही. तो वारेसारखा आहे, त्याला दिवस लागतील, नाम लागेल, आणि कारागीर पंढरीला उभा आहे.

आज एवढंच करून बघा. ज्याच्यावर डाग दिसतो, त्याच्यावरून नजर हलवून दुसऱ्यावर ठेवा, आणि डाग तिथेही येतो का ते बघा. उद्या श्लोक ३९.

राम कृष्ण हरी.