म्हातारपणाचं रिकरिंग

जो माणूस अजून अस्तित्वातच नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का? मी पुढच्या पिढीबद्दल बोलत नाही. 75 वर्षांच्या माझ्याबद्दल बोलतोय. त्या गृहस्थाची माझी ओळख नाही. तरीही त्याच्यासाठी मी आज बटाटेवडा सोडून मोडाची मटकी चावावी, असा आमच्या घरचा आग्रह आहे.

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला हा व्यवहार कळायला हरकत नाही. रिकरिंग म्हणजे तरी दुसरं काय? फरक एवढाच, की पैशांचा हप्ता चुकला तर दंड घेऊन आम्ही तो भरून घेतो. हाडांच्या खात्यात मात्र तिशीच्या आसपासपर्यंतच शिल्लक वाढते. पुढे आहे ती सांभाळायची. स्नायूंचं खातं जरा उदार. साठीनंतरसुद्धा वरण-उसळ आणि थोडी अंगमेहनत भरली, तर कुरकुरत का होईना, जमा करून घेतं.

पण ही सगळी भाषा ज्याचं त्याचं खातं धरून चालते. आमच्या आईचं काय? 40 वर्षं ती सगळ्यांच्या मागून जेवली. तोवर वरणाच्या पातेल्याचा तळ दिसायला लागलेला असे. मग भात आणि लोणच्याची फोड. भरणा तिने नियमित केला हो, पण दुसऱ्यांच्या खात्यांत! आज माझी पाठ ताठ आहे आणि तिची वाकलीय. सगळा दोष वरणाचा नाही, हे मलाही कळतं. तरी हे नुसतं नशीब म्हणून सोडून द्यायला कारकुनाचं मन धजत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे आईच्या 50 किलोंना 41-42 ग्रॅम. म्हाताऱ्यांना त्याहून थोडी जास्तच हवीत, असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम निघतात. बाकीची वसुली कुठून करायची?

हल्ली आम्ही तिला पहिल्या पंगतीला बसवतो. तिला ती शिक्षा वाटते. परवा वाटीभर उसळ वाढली, तर म्हणाली, "आता या वयात कशाला रे? बंद व्हायला आलेल्या खात्यात कुणी पैसे भरतं का?"

"भरतात की! ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का व्याज जास्त असतं, आई."

ती हसली. चार घास खाल्लेही. मी पाणी आणायला उठलो, तेवढ्यात उरलेली उसळ नातवाच्या ताटात वर्ग झाली होती.