पेटीतील सर्प आणि सावधपणाचे मूल्य



आमच्या एका उपदेशी कुटुंबातील तरुण नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. गेल्या दिवाळीत त्याचे पत्र आले. त्यातील पृच्छा वाचून प्रथम आम्हांस हसू आले. पुढे वाचीत गेलो तसे ते ओसरले. हा तरुण घरी साप पाळतो. त्यांची पिले होतात, ती तो दूरदूरच्या गावच्या हौशी लोकांस विकतो, आणि विकलेला साप पेटीत घालून विमानाने रवाना करितो. "बाबा, मी इतक्या काळजीने बांधतो की आजवर एकही जीव वाटेत दगावला नाही. तरी यात हिंसा घडते काय?" असा त्याचा प्रश्न.

"घडते" एवढे लिहून मोकळे होता आले असते. परंतु ज्या कर्माची रीतच आपणांस ठाऊक नाही त्याचा निवाडा करणे बरे नव्हे, म्हणून आम्ही त्यास ती सविस्तर कळविण्यास सांगितले. त्याचे उत्तर चार पाने भरून आले.

तेथील सरकारी टपालातून साप पाठविणे निषिद्ध आहे. काही खाजगी मालवाहक कंपन्या मात्र अटी घालून आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचविण्याच्या बोलीने तो घेतात. निघण्यापूर्वी पाच-सात दिवस सापास भक्ष्य देत नाहीत, कारण पोट भरलेला साप हलविला गेल्यास भक्ष्य ओकतो आणि त्याचे शरीर खचते. उपास त्यास बाधत नाही. सुदृढ साप कित्येक आठवडे सहज निराहार राहतो. मग त्यास सुती कापडाच्या पिशवीत सोडून तोंडाशी गाठ मारतात. शिवणीचे सुटे धागे आत राहिल्यास अंगाभोवती आवळतात, म्हणून पिशवी उलटी करून शिवण बाहेर घेतात. पुठ्ठ्याच्या पेटीस आतून सर्व बाजूंनी थर्माकोलचे तक्ते बसवितात, हवेसाठी मोजकी भोके पाडतात, आणि पिशवी आत घरंगळू नये म्हणून चुरगळलेले वर्तमानपत्र भरतात.

सर्वांत नाजूक बाब उष्णतेची. साप स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करू शकत नाही. भोवतालची हवा जशी, तसे त्याचे अंग. थंडीत पेटीच्या झाकणास आतून एक पुडी चिकटवितात. तीत लोहाची पूड असते, ती हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तापते आणि कित्येक तास ऊब देते. पण तीच पुडी पिशवीस टेकली तर साप भाजतो, आणि पेटी हवाबंद असेल तर सापाच्या वाट्याचा प्राणवायू पुडीच खाऊन टाकते. म्हणून तो तरुण पुडी लावण्यापूर्वी स्वतःच्या गावचे, घेणाऱ्याच्या गावचे आणि मधे रात्री माल जेथे उतरतो त्या विमानतळाचेही हवामान पाहतो. शुक्रवारी पेटी पाठवीत नाही. न जाणो, शनिवार-रविवार ती गोदामात अडकून पडायची.

हे वाचून आमची मान खाली गेली. त्याचे कारण सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या आश्रमाच्या कोठीत एक मोठी धामण निघाली. कोणी काठी उचलू नये म्हणून आम्हीच पुढे झालो आणि गावातील एका मुलाकरवी ती बरणीत घालून रानात सोडावयास पाठविली. प्लास्टिकची बरणी, घट्ट झाकण, भर दुपारचे ऊन, आणि वाटेत त्या मुलास भेटलेले मित्र. रानात पोचून झाकण उघडले तेव्हा धामण मेलेली होती. आमचा हेतू तर जीव वाचविण्याचाच होता! झाकणास चार भोके पाडावी एवढेही आम्हांस सुचले नाही. ज्या मुलाने विक्रीसाठी साप बांधले त्याच्या हातून एकही मेला नाही, आणि आम्ही दयेपोटी पाठविलेला मेला. अहिंसा ही केवळ मनात धरावयाची वस्तू आहे असे जे कोणी समजतात त्यांनी या बरणीचा विचार करावा. अज्ञानाने केलेली दयाही मारते, तेव्हा सापाच्या देहाचे ज्ञान हा अहिंसेचाच भाग मानावा लागतो.

येथे शंका अशी की, मग त्या तरुणास निर्दोष का म्हणू नये? जीव सुखरूप निघाला, सुखरूप पोचला, पीडा कोठे झाली?

याचे समाधान शोधताना त्याच्याच पत्रातील एका वाक्याशी आम्ही थांबलो. तो ज्या जातीचे साप पाळतो तीस बॉल पायथन म्हणतात. हा पश्चिम आफ्रिकेतील, घाना, टोगो, बेनिन या देशांकडील, अजगराच्या कुळातील आखूड साप. भ्याला की अंगाचा चेंडू करून डोके मधोमध लपवितो, त्यावरूनच हे नाव पडले. तरुण लिहितो, "पिशवीत घातला की तो गोळा होऊन अगदी शांत बसतो." ज्या खुणेवरून जगाने त्याच्या भयास नाव दिले तीच खूण बांधणाऱ्यास शांतीची वाटली! सापास ओरडता येत नाही, पापणी नसल्याने डोळाही मिटता येत नाही. त्याची पीडा आपणांस ऐकू येत नाही, एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. मरण टळले म्हणजे हिंसा टळली हे माप म्हणूनच अपुरे आहे.

दुसरे असे की, सावधपणा कोणासाठी आहे तेही पाहावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईस उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या व केकच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. तेही जिवंत ठेवण्याची खटपट कोणी तरी केलीच असणार, कारण मेलेल्या सापास गिऱ्हाईक नसते. आमच्या तरुणास त्या चोरट्याच्या पंक्तीस बसविण्याचा हेतू नाही. तो आपल्या देशाचा कायदा पाळतो. (आपल्या येथे रानातला साप धरून घरी पाळणे वा विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आड येते, हे त्याचे पाहून हौस करू इच्छिणाऱ्या येथील मुलांनी ध्यानात ठेवावे.) पण जपणूक दोन्हीकडे आहे, आणि ती जीवाची की मोलाची हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही. ते बांधणाऱ्यासच कळते, तेही एका प्रसंगी: पिलू वाकड्या पाठीचे निपजले, त्यास कोणी घेत नाही; तेव्हा त्याच्या खोक्यातील ऊब आणि पाणी इतरांइतकेच सांभाळले जाते काय?

लीळाचरित्रातील सशाची लीळा आपणां सर्वांस परिचित आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळत आलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरला आणि स्वामींनी त्यास राखिले. तो ससा तेथे आपण होऊन आला होता. पेटीतील साप कोणाकडे शरण म्हणून जात नाही, त्यास नेले जाते. त्या प्रवासाची गरज पाठविणाऱ्यास आहे, घेणाऱ्यास आहे; सापास ती मुळीच नाही. पाळलेला साप आजारी पडून वैद्याकडे न्यावा लागला, किंवा मालक मेला म्हणून दुसऱ्या घरी पोचवावा लागला, तर तीच पिशवी आणि तीच पेटी त्याच्या हिताची ठरेल.

आम्ही त्यास लिहिले ते असे. जे साप आज तुझ्या आश्रयास आहेत त्यांस परक्या मुलखाच्या रानात सोडू नकोस. ते मरतील किंवा तेथील जीवांस मारतील. जेथे पाठविणे अटळ आहे तेथे तुझ्या बांधणीत तसूभरही ढिलाई करू नकोस; ती तू आम्हांसही शिकविलीस. पण अटळ काय आणि किफायतीचे काय, हे प्रत्येक पेटीच्या वेळी निराळे ठरव. आणि नवी अंडी उबविण्यास ठेवण्यापूर्वी त्या वाकड्या पिलाचा प्रश्न स्वतःस विचार.

त्याचे उत्तर परवा आले. असे एक पिलू त्याच्याकडे खरोखरच आहे, तीन वर्षांचे, आणि ते विकण्याच्या यादीत कधीच नव्हते. बाकीच्या प्रश्नांस त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. थंडी फार असल्याने पाठविणे तूर्त बंद आहे, मार्चनंतर काय ते कळवीन, असे लिहिले आहे.