अभ्यास कीं सराव?

माझी भाची गेले चार महिने एका इंग्रजी परीक्षेच्या तयारींत आहे. परदेशांतील एका विद्यापीठांत मिळावयाचा प्रवेश या परीक्षेच्या गुणांवर अडला आहे, म्हणून घरांत सध्यां याच एका विषयाचें राज्य आहे. परीक्षा केंब्रिजची, १९९१ सालीं सुरू झालेली आणि हल्लीं 'सी-वन अ‍ॅडव्हान्स्ड' या नांवानें ओळखली जाणारी. तींत वाचन व भाषाप्रयोग यांची मिळून एकच प्रश्नपत्रिका असते: ९० मिनिटें, ८ भाग, ५६ प्रश्न. गाळलेले शब्द भरणें, मूळ शब्दापासून साधित शब्द बनविणें, वाक्याचें रूपांतर करणें, आणि मग लांबच लांब उतारे. यांपैकीं एका भागांत एका मोठ्या लेखांतील सहा परिच्छेद काढून घेतलेले असतात. ते सहा आणि एक जादा असे सात परिच्छेद उलटसुलट क्रमानें खालीं छापतात, आणि ज्याची जागा त्याला द्या असें सांगतात.

एका रविवारीं सकाळीं तिनें हा भाग माझ्यासमोर घड्याळ लावून सोडविला. अकरा मिनिटांत सहा उत्तरें लिहिलीं आणि सहाही बरोबर आलीं. मला मोठें कौतुक वाटलें आणि मीं सहज विचारलें, "लेख कशावर होता ग?" ती क्षणभर गोंधळली, मग हंसली. "मामा, तें वाचायला वेळ कुठें असतो? परिच्छेदाच्या तोंडाशीं 'धिस' आहे कीं 'सच' आहे तें बघायचं आणि मागच्या ओळींत त्याचा धनी शोधायचा. तेवढ्यावरून जागा सांपडते. आम्हांला वर्गांत असंच शिकवलंय."

तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांतून जात नाहीं. या मुलीला जें प्रमाणपत्र मिळेल तें जगाला सांगेल कीं, हिला दीर्घ व कठीण इंग्रजी लेख वाचून समजतात. त्या रविवारीं तिनें असा लेख हाताळला खरा. वाचला मात्र नाहीं. मग प्रमाणपत्राचें विधान खरें कीं खोटें? आणि खोटें असेल तर तें खोटें बोललें कोण? मुलीनें कोणाची नक्कल केली नाहीं. शिकविणारानें ज्या कामाचे पैसे घेतले तेंच काम चोख केलें. परीक्षकानें बरोबर उत्तरास बरोबर म्हटलें. सर्व पक्ष निर्दोष, आणि तरीहि कोठें तरी असत्य उत्पन्न झालें आहे, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

माझा पहिला निकाल कठोर होता, आणि त्याचें कारण माझ्याच पूर्वायुष्यांत आहे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेसाठीं मीं पावसाळ्यांतील एका दिवसावरचा इंग्रजी निबंध मुखोद्गत केला होता. गुरुजींनीं तो फळ्यावर उतरवून दिला होता, आणि विषय कोणताहि येवो, आरंभीचीं दोन वाक्यें बदलून तोच पाऊस त्यांत पाडावयाचा अशी आम्हां सर्वांस शिकवण होती. मला गुण उत्तम मिळाले. पुढें नोकरीस लागल्यावर पहिल्याच आठवड्यांत, चुकीनें पैसे कापले गेलेल्या एका गृहस्थास चार ओळींचें दिलगिरीचें पत्र लिहावयास सांगण्यांत आलें. अर्धा तास मी कोऱ्या कागदाकडे पाहत बसलों. त्या पत्रांत पाऊस पाडतां येण्यासारखा नव्हता. गुणांच्या आड काय दडूं शकतें हें मला त्या दिवशीं कळलें, आणि म्हणूनच भाचीच्या सहा बरोबर उत्तरांनीं मी अस्वस्थ झालों.

अशा वेळीं जुना काळ चांगला होता असें म्हणण्याचा मोह होतो. केंब्रिजनें इंग्रजी प्रावीण्याची आपली पहिली परीक्षा १९१३ सालच्या जून महिन्यांत घेतली. ती एकंदर १२ तासांची होती. इंग्रजींतून फ्रेंच किंवा जर्मन भाषेंत भाषांतर, त्या भाषांतून इंग्रजींत भाषांतर आणि त्याबरोबर व्याकरण, निबंध, इंग्रजी वाङ्मय, ध्वनिशास्त्र, आणि शिवाय श्रुतलेखन, मोठ्यानें वाचन व संभाषण. उमेदवार तीन बसले आणि तिघेहि नापास झाले. गतवर्षींच्या प्रश्नपत्रिका घोटून येण्याची सोय त्यांना नव्हती, कारण गतवर्ष असें नव्हतेंच. येथें तरी सराव नाहीं, केवळ ज्ञान, असें कोणी म्हणेल.

परंतु त्या परीक्षेंतील निबंधाच्या विषयांकडे पाहिलें म्हणजे मन थबकतें. मॅथ्यू अर्नोल्ड, एलिझाबेथ राणीच्या काळचा प्रवास व शोध, अशा विषयांच्या पंक्तीस एक विषय होता 'दि इंडियन म्यूटिनी'. त्यापूर्वीं चारच वर्षें, १९०९ सालीं, सावरकरांचें सत्तावन्न सालावरील पुस्तक इंग्रजींत निघालें होतें, आणि सरकारनें त्यावर बंदी घातली होती. जी घटना सावरकरांस स्वातंत्र्ययुद्ध, तीच प्रश्नपत्रिकेस शिपायांचें बंड. समजा, फ्रेंच जाणणारा एखादा मराठी तरुण त्या दिवशीं परीक्षेस बसला असता. लेखणी उचलण्यापूर्वींच त्याच्या वतीनें एक निर्णय होऊन गेलेला त्यास दिसला असता. तो निर्णय व्याकरणाचा नव्हे, शब्दसंग्रहाचा. 'म्यूटिनी' हा शब्द निमूटपणें वापरून त्यानें निर्दोष इंग्रजींत निबंध लिहिला असता, तर त्या कागदावरून त्याचें इंग्रजी समजलें असतें. त्याला काय वाटतें तें समजलें नसतें. शब्द पाठ करतांना आपण त्याबरोबर कोणाचा तरी न्यायनिवाडाहि पाठ करीत असतों, ही गोष्ट त्या बारा तासांच्या परीक्षेसहि लागू होती. तेव्हां सराव नव्हता म्हणून सत्य होतें, असें मला म्हणवत नाहीं.

उलट सरावाची बाजू वाटते त्यापेक्षां बळकट आहे. आपण चहा कडक म्हणतों, ऊन कडक म्हणतों, इस्त्रीहि कडक म्हणतों. थंडी मात्र कडाक्याची आणि पाऊस मुसळधार. इंग्रजाचा चहा 'स्ट्राँग', पण पाऊस 'हेवी'. 'स्ट्राँग रेन' म्हटलें तर अर्थ कळतो, पण कानाला खडा लागतो. यांत कारण विचारण्यांत अर्थ नाहीं. तर्कानें तेथें पोंचतां येत नाहीं. शंभर वेळां वाचलें, लिहिलें, चुकलें, म्हणजे जमतें. आपल्या कित्येक पिढ्यांनीं तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेंतील वाक्यें घोटलीं तीं याच हेतूनें, आणि त्यांतून चांगलें इंग्रजी लिहिणारीं माणसें निघालीं. 'अभ्यास' या शब्दाला आपण हल्लीं एक प्रकारचें सोंवळें नेसवून ठेवलें आहे आणि 'सराव' हा शब्द आखाड्याकडे व क्रिकेटच्या मैदानाकडे धाडून दिला आहे. मूळ संस्कृतांत अभ्यास म्हणजे एकच गोष्ट पुनःपुन्हां करणें, म्हणजे सरावच. गीतेच्या सहाव्या अध्यायांत चंचल मन आवरण्याचा उपाय म्हणून अभ्यास सांगितला आहे, तेथेंहि अर्थ हाच. फरक इतकाच कीं, गीतेनें अभ्यासाच्या शेजारीं वैराग्य बसविलें आहे, आणि माझ्या भाचीच्या मेजासमोर भिंतीवर १८० हा आंकडा चिकटविलेला आहे. तेवढे गुण पडले तर ती उत्तीर्ण.

गाळलेल्या जागा भरण्याच्या पद्धतीचा इतिहासहि या संदर्भांत मनोरंजक आहे. विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकानें १९५३ सालीं ही पद्धत शास्त्रीय स्वरूपांत मांडली ती वाचकाची परीक्षा घेण्यासाठीं नव्हे. गद्य किती सुबोध आहे हें मोजण्यासाठीं. उताऱ्यांतील ठराविक अंतरावरचे शब्द गाळावयाचे, आणि लोकांना ते भरतां आले नाहींत तर दोष लेखकाचा! पुढें ही मोजपट्टी उलटी फिरली आणि तिच्याखालीं वाचक आला. भाचीला मीं हें सांगितलें तेव्हां तिला मनापासून समाधान वाटलेलें दिसलें.

आतां वाक्यरूपांतराकडे येतों, कारण माझ्या प्रश्नाचें मूळ मला येथें सांपडतें. या प्रश्नांत एक वाक्य दिलेलें असतें, त्याखालीं अर्धवट दुसरें वाक्य आणि एक ठरलेला शब्द. तो शब्द न बदलतां, तीन ते सहा शब्दांत, पहिल्या वाक्याचा अर्थ तसाच उतरावा अशी अपेक्षा असते, गुण दोन. तिच्या वहींत एक वाक्य होतें: 'आय रिग्रेट टेलिंग हिम युअर सीक्रेट.' ठरलेला शब्द 'विश'. उत्तर: 'आय विश आय हॅडन्ट टोल्ड हिम युअर सीक्रेट.' उत्तर बरोबर आहे, त्याविषयीं वाद नाहीं. पण मीं तीं दोन्ही वाक्यें मराठींत म्हणून पाहिलीं. 'तुझें गुपित त्याला सांगितल्याचा मला पश्चात्ताप होतो.' 'तुझें गुपित मीं त्याला सांगितलें नसतें तर बरें झालें असतें.' पहिला मनुष्य अपराध पदरीं घेतो. दुसऱ्याला केवळ परिणाम नकोसे झाले आहेत. ते परिणाम झाले नसते तर त्याला कांहींच वाटलें नसतें. इंग्रजी 'रिग्रेट' हा आपल्या पश्चात्तापाहून पुष्कळ सौम्य शब्द आहे, हें मान्य. गाडी उशिरा आली म्हणजे आपल्याकडील रेल्वे-स्टेशनांवरहि तो ध्वनिक्षेपकांतून ऐकूं येतो. तरीहि हे दोन मित्र एकच नव्हेत, आणि त्यांना एक मानण्याबद्दल दोन गुण मिळतात.

"मग काय दोन मार्क सोडूं, मामा?" तिनें विचारलें. मला उत्तर देतां आलें नाहीं.

तेव्हां मीं स्वतःच ती प्रश्नपत्रिका सोडवून पाहण्याचें ठरविलें. या निश्चयांत थोडा अहंकार होता हें कबूल करतों. चाळीस वर्षें इंग्रजी वाचणारा मी, मला युक्त्यांची काय गरज! परिच्छेद लावण्याच्या भागांतील लेख दीपगृहांच्या रखवालदारांविषयीं होता, आणि फार सुरेख होता. मी त्यांत रमून गेलों. एका परिच्छेदाचा आरंभ 'इट्स सायलेन्स' असा होता. तें मीं समुद्राचें मौन मानलें. वादळानंतर निपचित पडलेला समुद्र आणि त्याकडे एकटक पाहणारा रखवालदार असें चित्र माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें, आणि त्या चित्राच्या भरांत मीं परिच्छेदाची जागा ठरविली. घड्याळ पाहिलें तों या एका भागावर अर्धा तास गेला होता. सहांपैकीं दोन उत्तरें चुकलीं, आणि शेवटचा भाग तर तसाच कोरा राहिला.

भाचीनें पेन्सिलीचें टोंक त्या ओळीवर ठेविलें. "मामा, समुद्र याच्या आधीं आहेच कुठें? आधीं घंटा आहे." खरेंच होतें. धुक्यांत वाजविण्याची घंटा बिघडली होती आणि मौन तिचें होतें. ज्या बोटींना धुक्यांत त्या घंटेवांचून आधार नव्हता त्यांच्या दृष्टीनें तें मौन भयंकर होतें, आणि सबंध लेखाचा कणा तोच होता. मीं जो शांत, सुंदर समुद्र पाहिला तो लेखांत नव्हता. तो माझ्या पदरचा होता.

या प्रसंगानें माझा निकाल डळमळला. मी तिला म्हणत होतों, तूं वाचलें नाहींस. पण मग मीं तरी काय वाचलें होतें? ती लेखकाकडे लक्ष न देतां त्याच्या सर्वनामांमागून गेली आणि लेखकानें ठेविलेल्या जागीं जाऊन पोंचली. मी लेखकाशीं हितगुज करीत आहें या समजुतींत स्वतःशींच बोलत बसलों. समजल्याचा आनंद आणि समजणें या दोन वस्तू भिन्न आहेत, आणि पहिली दुसरीचें सोंग इतकें हुबेहूब घेते कीं वाचणाऱ्यास स्वतःचा संशयहि येत नाहीं. सर्वनामाचा धनी शोधण्याची ती क्षुद्र वाटणारी युक्ति निदान त्या सोंगाला बळी पडत नाहीं. दुसऱ्याचें म्हणणें ऐकतांना 'हें तो नक्की कोणाविषयीं बोलला?' असें थांबून विचारणें ही एक प्रकारची नीतिच आहे, आणि ती मला चाळीस वर्षांच्या वाचनानें दिली नव्हती.

तथापि तिनेंहि लेख वाचला नव्हता ही गोष्ट उरतेच. घंटा तिनें ओळखली, पण घंटेविना धुक्यांत सांपडलेल्या बोटींचें तिला कांहींच वाटलें नव्हतें. विद्यापीठांत तिला जीं पुस्तकें वाचावीं लागतील त्यांच्याखाली सात परिच्छेद छापलेले नसतील, आणि कोठलें वाक्य महत्त्वाचें तेंहि कोणी सांगणार नाहीं. तेथें केवळ धनी शोधून भागणार नाहीं. त्या धन्याशीं बोलावें लागेल, प्रसंगीं भांडावें लागेल. 'म्यूटिनी' म्हणावें कीं आणखी कांहीं, हें तिचें तिला ठरवावें लागेल.

हल्लीं आम्हीं दोघांनीं एक व्यवस्था लावून घेतली आहे. प्रश्नपत्रिका ती घड्याळ लावूनच सोडविते, वर्गांतल्या युक्त्यांनिशीं. त्यांत मी लुडबुड करीत नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर तोच लेख आम्ही पुन्हां वाचतों, घड्याळाशिवाय. पुष्कळदां ती कंटाळते. कांहीं लेख कंटाळवाणे असतातहि. दीपगृहाचा लेख वाचतांना मात्र ती मध्येंच थांबली आणि त्या बोटी शेवटीं वांचल्या का, असें विचारूं लागली. लेखांत तें दिलेलें नव्हतें.

परवां तिची वही चाळतांना तें 'विश'चें वाक्य पुन्हां दिसलें. उत्तरापुढें तिनें स्वतःच दोन गुण मांडले होते, आणि खालीं बारीक अक्षरांत मराठींत लिहिलें होतें: 'बरोबर. पण हा माफी मागत नाहीये.' परीक्षा पुढच्या महिन्यांत आहे.