दार तोडणारा दया आणि दार ठोठावणारा प्रभू



राज्यातील कितीतरी घरांत संध्याकाळी टीव्ही लागतो, त्याला लागणारी वीज आपल्या दीपनगरच्या केंद्रातूनही जाते. त्यासाठी आपल्यापैकी अनेकांनी रात्रपाळ्या केल्या आहेत. पाळी संपवून घरी आलो की आपणही टीव्ही लावतो. पुढ्यात जेवणाचे ताट असते आणि पडद्यावर कोणाचा तरी खून झालेला असतो.

‘सीआयडी’ ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. ज्यांनी ती शाळेत असताना पाहिली, त्यांनी आता ती आपल्या मुलाबाळांसोबत पाहिली. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम तर आपल्याला घरचेच वाटतात. मराठीत २०२० मध्ये ‘देवमाणूस’ आली. या मालिका पाहणे पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पाप लपत नाही, हे त्याही आपल्या परीने सांगतात.

पण त्या मालिकेतील एक गोष्ट आठवा. इन्स्पेक्टर दया! नाव दया, आणि प्रसिद्धी मात्र दरवाजे तोडण्याबद्दल. पोलिसांना कधी दरवाजा तोडावा लागत असेल. पण प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातील प्रभू दाराशी उभा राहून फक्त ठोठावतो. आतल्या माणसाने दार उघडले, तरच तो आत येतो आणि त्याच्याबरोबर जेवायला बसतो. ज्याच्या ठायी खरी दया आहे, तो दार तोडत नाही.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात पहिला खून झाला. तिथे शोध लावण्यासारखे काही नव्हते. देवाला सर्व ठाऊक होते. तरीही त्याने काइनाला त्याच्या भावाविषयी विचारले. ती उलटतपासणी नव्हती, ते दारावरचे ठोठावणे होते. काइनाने दार उघडले नाही. त्याला शिक्षा झाली. पण कोणी त्याचा जीव घेऊ नये म्हणून देवाने त्याच्यावर खूण केली. आपल्याला मात्र बेड्या पडल्या की भाग संपल्याचे समाधान वाटते.

देवाची गोष्ट बेड्यांपाशी संपत नाही. आपल्यापासून फार दूर नसलेल्या इंदूरच्या परिसरात सिस्टर राणी मारिया गोरगरीब आदिवासींना सावकारी जाचातून सोडवण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून जाताना त्यांचा खून झाला. मारेकरी पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली. मालिका असती तर इथेच संपली असती. परंतु २००२ मध्ये सिस्टरांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, आणि २००६ मध्ये तो सुटला. २०१७ मध्ये इंदूर येथे ख्रिस्तसभेने सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित केले. एका बहिणीने दार ठोठावले, आणि खुन्याने ते आतून उघडले.

आता आपल्या दारांकडे पाहू या. शेजारचे कुटुंब चार रविवार मिस्साला दिसले नाही, तर आपण काय करतो? आपणही तपास करतो. कोणाचे भांडण झाले, मुलगा कुठे गेला, पैशाचे काय झाले, असे धागे जुळवतो आणि निकालही देऊन टाकतो. आठवी आज्ञा अशा वेळी आपल्याला आठवत नाही. त्या घराची कडी मात्र कोणी वाजवलेली नसते. कदाचित आत कोणी आजारी असेल, कोणी कर्जाने खचले असेल, कोणी लाजेने बाहेर पडत नसेल. मालिकेतला मृतदेह भाग संपला की विसरता येतो. पण हा आपला जिवंत भाऊ आहे.

या आठवड्यात एक भाग चुकला तरी चालेल. त्या वेळेत सर्वांनी मिळून जपमाळ म्हणू या आणि मग एका बंद दारापर्यंत जाऊन येऊ या. प्रश्न विचारायला नको, “कसे आहात?” एवढे पुरे.

हे प्रभू येशू, तू आमच्या दाराशी उभा आहेस. आम्हांला ते उघडण्याचे धैर्य दे, आणि दुसऱ्याच्या दाराशी तुझ्यासारखे उभे राहायला शिकव. आमेन.