फुकटात झालेली चूक

रोनाल्ड बेली हे अमेरिकेतल्या ‘रीझन’ मासिकाचे विज्ञान प्रतिनिधी. मासिक स्वातंत्र्यवाद्यांचं. सरकारने कमीत कमी लुडबुड करावी, बाकीचं बाजार आणि तंत्रज्ञान बघून घेतील, अशी त्याची धारणा, बेलींचीही तीच. १९९३ साली ‘इको-स्कॅम’ या पुस्तकात त्यांनी पर्यावरणाच्या नावाने प्रलयाची भाकितं करणाऱ्यांचा समाचार घेतला. त्यातली बरीच टीका रास्त होती. सत्तरच्या दशकात कोट्यवधी माणसं भुकेने मरतील, असं जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक यांनी १९६८ मध्ये बजावलं होतं. पुढे कृषिशास्त्रज्ञ बोरलॉग यांच्या बुटक्या गव्हाने पंजाबात काय करून दाखवलं, ते आपल्याला ठाऊक आहेच.

पण तापमानवाढही बेलींनी त्याच माळेत ओवली. आधार होता उपग्रहांच्या आकड्यांचा. जमिनीवरचे तापमापक वाढ दाखवत होते. अलाबामातले शास्त्रज्ञ जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर यांचे उपग्रहांवरून काढलेले आकडे मात्र जेमतेम हलत. गोम कक्षेत होती. उपग्रहाची कक्षा वर्षागणिक किंचित सरकते, आणि सुरुवातीला भर दुपारी होणारी मोजणी हळूहळू उन्हं कलल्यावर होऊ लागते. हवा तेव्हा निवलेलीच असणार! हा फरक भरून काढताना उष्ण कटिबंधाच्या हिशेबात अधिकच्या जागी उणे झालं होतं. कार्ल मिअर्स आणि फ्रँक वेंट्झ या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ते दाखवून दिलं. क्रिस्टी-स्पेन्सर यांनी चूक मान्य करून आकडे सुधारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेलींनीही लिहून टाकलं, की पृथ्वी तापते आहे, नाही म्हणणाऱ्यांनी आता हट्ट सोडावा.

आपल्याच वाचकांपुढे असं लिहायला छाती लागते. तेलकंपन्यांचे पैसे खाऊन लिहितो, हा आरोप त्यांच्यावर होताच. २००६ मध्ये त्यांनी त्याला उत्तर दिलं: चुकलो खरा, पण चुकण्यासाठी मला कोणी दमडीही दिली नाही.

मला हे पटतं, आणि म्हणूनच जास्त खटकतं. लाच घेणाऱ्याला निदान आतून माहीत असतं की आपण काय करतो आहोत. बेलींच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. विरोधकांचा प्रत्येक आकडा ते भिंगाखाली धरत. सोयीचा आकडा आला की भिंग खाली ठेवत. सरकारी बंधनांचा तिटकारा असणाऱ्याला, बंधनांची गरजच नाही असं सांगणारा आकडा गोड लागणारच. (उलट्या बाजूलाही हे चालतं, प्रलयाचा आकडा तिथे कोणी फारसा खरवडून पाहत नाही.)

२०१५ मध्ये त्यांचं ‘द एंड ऑफ डूम’ आलं. त्यात तापमानवाढ मान्य आहे, भिस्त मात्र पुन्हा माणसाच्या कल्पकतेवर आणि नव्या तंत्रज्ञानावर. त्यात वावगं काही नाही. फक्त या भरवशाचे आकडे ते कोणाकडून तपासून घेतात, ते मला बघायचं आहे.